झाकण नसलेला डबा

कोपऱ्याशी वैर धरलेला माणूस अख्ख्या सातारा-सांगली पट्ट्यात एकच निघेल, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. बाकीच्यांची वैरं भावकीशी असतात, बांधावरून असतात, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीवरून असतात. एखादा शहाणा माणूस मध्ये पडला तर ती मिटतातही. पण ज्याचं काटकोनाशीच पटत नाही त्याची समजूत कोण घालणार? "पाव्हणं, जितं कोपरा आला तितं घाण आली," असं आमचे व्याही ठणकावून सांगतात, आणि पुरावा म्हणून समोर असेल त्या टेबलाचा खण ओढून, कोपऱ्यात बोट फिरवून धूळ काढून दाखवतात. मग ते टेबल तहसीलदाराचं का असेना. आमच्या लेकीला बघायला ही मंडळी कोरेगावजवळच्या त्यांच्या गावाहून सांगलीला आली, तेव्हा सगळे मुलीकडे बघत होते आणि मुलाचे वडील चिवड्याच्या ताटलीकडे. ताटली माझ्याच दुकानातली, नवी कोरी, चौकोनी. त्या दिवसांत चौकोनी ताटल्यांची फॅशन होती. त्यांनी चिवडा संपवला, ताटली तिरकी केली, कोपऱ्यात अडकलेला शेंगदाण्याचा तुकडा नखाने काढला आणि माझ्याकडे असं काही बघितलं, की मला वाटलं, स्थळ मोडलं. "पोरगी पसंत हाय," ते म्हणाले, "ताटली न्हाई."

माझं सांगायचं राहिलंच. सांगलीत आमचं भांड्यांचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. तांब्या-पितळेच्या जमान्यात आजोबांनी ते काढलं, स्टीलच्या जमान्यात वडिलांनी वाढवलं आणि प्लास्टिकच्या जमान्यात मी टिकवून धरलंय. डबा ही वस्तू माझ्याइतकी आमच्या पेठेत कोणाला कळत नाही. हे लोकांनी म्हणायला हवं, पण लोक विसरतात म्हणून मी म्हणतो. अशा माणसाला व्याही मिळाला तो हाताने लाकडी डबे करणारा. म्हणजे हलवायाच्या घरी मधुमेहाचा डॉक्टर सोयरा म्हणून यावा, तशातला प्रकार.

फौजेतून सुभेदार होऊन परतलेली माणसं त्या बाजूला गावोगाव आहेत. कोणी ऊस करतं, कोणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतं, कोणी पारावर बसून सरहद्दीचे प्रश्न सोडवतं. आमचे व्याही डबे करतात. फौजेत त्यांच्याकडे सुतारकाम होतं, आणि एकदा शांतिसेनेबरोबर ते आफ्रिकेत गेले होते. तिथे एका अमेरिकन डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर त्यांना तो डबा पहिल्यांदा दिसला. लंबगोल, पातळ फळीचा, हातात घेतला तर हातात काही आहे असं वाटू नये इतका हलका. फळी वाकवून, तिच्या टोकाला बोटांसारखे आकार कापून, ती बोटं तांब्याच्या बारीक खिळ्यांनी बसवलेली. बाई त्यात सुईदोरा ठेवायची. व्याह्यांनी तो उलटापालटा केला, वास घेतला, आणि बाईने सांगितलेलं मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजून घेतलं, की अमेरिकेत शेकर नावाचा एक पंथ होता, हे डबे त्या लोकांनी काढले. तेव्हापासून या शेकर लोकांबद्दल व्याह्यांना जो आदर आहे तेवढा कुलदैवताबद्दलही असेल की नाही, मला शंका आहे. "लय सरळ माणसं, पाव्हणं. नाचत नाचत देवाचं नाव घ्यायचं आन बाकीचा येळ हातानं काम करायचं. त्येंच्यात लगीनच करत न्हाईत. लगीन न्हाई म्हंजे व्याही न्हाई. व्याही न्हाई म्हंजे मानपान न्हाई. मग डबं करायला टाइम घावणारच की!" हे ते मला, सख्ख्या व्याह्याला, माझ्या घरी माझ्या पाटावर बसून, माझी पुरणपोळी खात सांगतात.

लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या गावी गेलो तो रविवार होता. अंगणात तीन दगडांची चूल पेटलेली, चुलीवर मोठं पातेलं, पातेल्यातून वाफ. सातारच्या बाजूला रविवारी अंगणात पातेलं चढलेलं दिसलं की पाहुण्याने जे समजायचं ते मी समजलो आणि मनातल्या मनात बाह्या दुमडल्या. जवळ गेलो तर पातेलं ओळखीचं. मीच लेकीला लग्नात दिलेलं, जाड बुडाचं, पन्नास माणसांचा भात होईल असं. व्याह्यांनी मोठ्या ऐटीत झाकण उचललं. आत उकळत्या पाण्यात लाकडाच्या पट्ट्या खालीवर होत होत्या. "तुती हाय," ते म्हणाले, "आजून जरा शिजाया पायजे." ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या विहीणबाई मान वर न करता म्हणाल्या, "आवं दादा, ते पातेलं आलं तवापासनं त्यात मी येकदा बी भात लावला न्हाई. लाकूडच शिजतंय." त्या दिवशी जेवायला पिठलं होतं, चांगलं होतं, पण वाफेने जी आशा लावली होती ती पिठल्याने भागणारी नव्हती.

तुतीच का, तर फौजेत ते हॉकी खेळायचे आणि हॉकीची काठी तुतीची असते. जे लाकूड काठीसाठी वाकतं ते डब्यासाठी का वाकणार नाही, हा त्यांचा हिशेब. त्यांच्या बांधावर तुतीची जुनी झाडं होती. ती त्यांनी एकेक करून कापली, फळ्या पाडल्या, रंधा मारून मारून पापडासारख्या केल्या. पट्टी शिजून नरम झाली की ती पाण्यातून काढायची आणि निवायच्या आत लाकडी साच्याभोवती गुंडाळायची. या वेळात व्याह्यांशी कोणी बोलायचं नाही. एकदा ऐन त्याच वेळी गावचे सरपंच सहीशिक्क्याच्या कसल्याशा कामाला आले. व्याह्यांनी पट्टीवरचा हात न काढता हनुवटीने सरपंचांना बसायची खूण केली, हनुवटीनेच पाण्याचा तांब्या दाखवला, आणि सगळे खिळे ठोकून झाल्यावर पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून म्हणाले, "हं, रामराम." झाकणाची तर आणखी वेगळी गंमत. झाकणाची पट्टी त्याच डब्याभोवती गुंडाळून मापाची करतात, त्यामुळे एका डब्याचं झाकण दुसऱ्याला कधीच नीट बसत नाही. व्याही याला 'लगीन लावणं' म्हणतात. मी भाबडेपणाने एकाचं झाकण उचलून दुसऱ्यावर ठेवायला गेलो, तर माझ्या अंगावर ओरडले, "आवं आवं, पाव्हणं, दुसऱ्याची बायकू हाय ती!" मी दचकून हात मागे घेतला आणि विहीणबाई पदराने तोंड झाकून आत गेल्या.

आता त्या घरात प्रत्येक वस्तूला तिचा लंबगोल डबा आहे. चष्म्याला आहे, टीव्हीच्या रिमोटला आहे, हिंगाला आहे, विहीणबाईंच्या टिकल्यांना आहे, व्याह्यांच्या कवळीला तर उठायचा एक आणि निजायचा एक असे दोन आहेत, कारण रात्रीची हवा वेगळी असते म्हणे. जेवायला बसताना सगळ्यांचे मोबाइल एका मोठ्या डब्यात जमा होतात आणि वर झाकण बसतं. एकदा आमच्या जावयाच्या साहेबांचा फोन आत वाजत राहिला. जावई चुळबुळ करायला लागला तर व्याही म्हणाले, "वाजू दे. आपुन जेवताना त्यो कवा हाक मारत न्हवता, आता कशाला मारतोय?" साहेबांनी नंतर काय केलं ते जावयाने आम्हाला सांगितलं नाही, पण त्याची नोकरी शाबूत राहिली, त्यावरून साहेब समजूतदार असावेत.

पण या सगळ्यावर त्यांचा एक कायदा आहे आणि तो ते मोडू देत नाहीत. डबा रिकामा हलवायचा नाही. शेजारणीची वाटी परत करताना निदान चिमूटभर साखर तरी घालावी, ही आपल्याकडची जुनीच रीत. ती आपण पाळतो, कधी विसरतो, शेजारीणही विसरते. व्याह्यांनी मात्र तिचं फौजी शिस्तीत रूपांतर केलं. त्यांचा डबा आमच्याकडे येतो तो कोरेगावचा घेवडा भरून. मी तो परत पाठवायचा तर तासगावचे बेदाणे भरून. एकदा घाईत रिकामा पाठवला, तर तो तसाच्या तसा, मूठभर घेवडा घालून, उलट टपाली परत आला. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. पुण्याहून एक बाई प्रदर्शनासाठी त्यांचे डबे मागायला आल्या होत्या. चांगल्या खादीतल्या, कौतुकाने बोलणाऱ्या. व्याह्यांनी एवढंच विचारलं, "यात घालनार काय?" बाई म्हणाल्या, "घालायचं काही नाही, शोभेला ठेवणार." व्याह्यांनी काढलेले डबे एकात एक घातले, लहान मोठ्यात, मोठा त्याहून मोठ्यात, आणि कपाटात ठेवून दिले. बाईंना चहा मात्र दोनदा पाजला.

असा हा माणूस एका दुपारी काही न कळवता माझ्या दुकानात येऊन उभा राहिला. आमच्या लेकीला तेव्हा सातवा लागला होता आणि बाळंतपणाला ती आमच्याकडे येणार होती. एरवी दुकानात आले की ते पहिल्यांदा माझ्या स्टीलच्या डब्यांच्या चळतीवर टिचकी मारून "लय आवाज करतंय" असं म्हणतात आणि मी "आवाज करतो, पण मुंगी शिरू देत नाही" असं म्हणतो. आमचा तो रामरामच आहे. त्या दिवशी त्यांनी टिचकी मारली नाही. स्टुलावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "पाव्हणं, येक मागनं हाय. न्हाई म्हनू नगा."

पहिल्या बाळंतपणाचं बारसं माहेरी होतं आणि पाळणा मुलीच्या बापाने द्यायचा असतो. तो माझा मान होता. आणि मी काय साधा माणूस आहे? दुकानाच्या काचेत मी आधीच एक स्टीलचा पाळणा आणून ठेवला होता, वर मोरांची जोडी, खाली घुंगरं, येणारा-जाणारा थांबून बघत होता. व्याह्यांनी त्या पाळण्याकडे एकदा बघितलं. मग माझ्याकडे न बघता, तिथल्या एका परातीकडे बघत बोलले. "थोरल्याच्या, तुमच्या जावयाच्या, बारशाला मी बर्फात हुतो. धाकटीच्या बारशाला राजस्थानात. थोरला दोन वर्साचा झाल्यावर मी पयल्यांदा घरी आलो, तर मला बगून आयच्या पदरामागं लपला आन म्हनाला, कोन आलंय? म्हंजे आपलाच मुलगा. त्येच्यात त्येची चूक न्हाई. पर हे मला लय लागलंय, पाव्हणं, आजून लागतंय. ह्या बारशाला मी येनार, त्यो प्रश्न न्हाई. पर नातवंड जलमल्यावर पयल्यांदा ज्यात निजंल, ते माज्या हातचं पायजे. मी तवा हजर न्हवतो. ते हजर पायजे."

मला त्या क्षणी गलबलून आलं, हे मी लपवत नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून मी एक कढई पुसायला घेतली. "करा सुभेदार," म्हटलं, "पाळणा तुमचा." मोरांच्या जोडीचा पाळणा मात्र मी काचेतून काढून वर माळ्यावर ठेवला, मोडीत घातला नाही. व्यापारी माणूस आहे, हाताशी माल असलेला बरा.

त्यानंतरचे दोन महिने माझा टेलिफोन म्हणजे जिवाला घोर झाला. पाळण्याची पट्टी माणसाच्या उंचीपेक्षा लांब, ती मी दिलेल्या पातेल्यात कशी मावणार? व्याह्यांनी पत्र्याची पन्हळ केली, तिच्यात पट्टी ठेवून वरून उकळतं पाणी ओतलं. पट्टी अर्धी वळली आणि कडकन मोडली. फोन आला. मी उचलला तर पलीकडून एकच शब्द, "गेली." मला वाटलं, विहीणबाई. मी रडवेल्या आवाजात "कधी?" विचारलं तर म्हणाले, "आत्ताच, दुसऱ्या वळनावर." असं चारपाच वेळा झालं. नंतर नंतर आमच्या हिलासुद्धा सवय झाली, फोन ठेवल्यावर ती विचारायची, "आज कितव्या वळणावर?" पण व्याह्यांचा आवाज दर वेळी थोडा बारीक होत चालला होता. बांधावरची तुती संपत आली, शेवटी एवढी लांब फळी एकच उरली, आणि इकडे आमची लेक बाळंत होऊन तिला मुलगीही झाली. आता ती फळी मोडली असती तर माळ्यावरचे मोर होतेच. पण मोर खाली काढायची वेळ येऊ नये असं मलाच वाटायला लागलं होतं, आणि हे मी, स्टीलचा व्यापारी, म्हणतोय.

तेव्हा त्यांना गुऱ्हाळ सुचलं. त्यांच्या शेजारच्या मळ्यात गुळाचं गुऱ्हाळ चालू होतं. उसाचा रस आटवायची ती कढई, काहील म्हणतात तिला, माणूस आडवा झोपेल एवढी मोठी. पट्टी तिच्यात आख्खी मावणार होती. गुळाचा एक घाणा उतरला आणि व्याही पट्टी खांद्यावर घेऊन हजर झाले. गुळव्या म्हणाला, "सुभेदार, वाईच दम धरा, काहील धुऊन देतो." सुभेदारांच्या नजरेसमोर चुलवाणातला जाळ विझत होता. "धुतूयास कवा आन तापतंय कवा? वत पानी!" पाणी ओतलं, काहिलीच्या कडेचा गूळ पाण्यात विरघळला, आणि त्या गोड पाण्यात ती शेवटची पट्टी उकळली. आणि काय सांगावं, ती वळली. पहिल्या वळणावर वळली, दुसऱ्या वळणावर वळली, साच्याभोवती लुगड्यासारखी बसली. फोनवर एवढा मोठा आवाज आला, की मला तो मोबाइलशिवायही ऐकू आला असता. "वाकली, पाव्हणं, वाकली! गुळाची करामत हाय सगळी. आवं, गुळानं मानूस नरम येतंय, मग लाकडाचं काय!" पुढे ते मला बराच वेळ सांगत होते, की शेकर लोकांना गूळ माहीत नव्हता, नाहीतर ते कुठच्या कुठे गेले असते.

वार्निश लावायचं नाही, कारण पोरगी पाळण्याची कड चाटणार. म्हणून जवसाचं तेल चोळलं. धूळ बसू नये म्हणून तयार पाळणा आढ्याला टांगून ठेवला. बाराव्या दिवशी सकाळी टेम्पोतून तो आमच्या दारात उतरला तेव्हा आख्खी गल्ली बघायला आली. चार पायांचा घोडा, त्याच्यामध्ये टांगलेला लंबगोल, मधासारख्या रंगाचा, बोटासारखी टोकं आणि त्यांवर तांब्याच्या खिळ्यांची रांग. एक कोपरा नाही. आत कायद्याप्रमाणे घेवडा भरलेला होता, तो आधी घमेल्यात काढावा लागला. मी भांड्यांतला माणूस आहे. वस्तू कधी चांगली उतरते ते मला कळतं. मी कडेवरून हात फिरवला. हाताला जरा चिकट लागलं. मला वाटलं, तेल.

दुपारपर्यंत माजघरात बायका जमल्या. आत्याने, म्हणजे व्याह्यांच्या धाकट्या लेकीने, बाळ उचललं, पाळण्याशी आली आणि थबकली. "आबा," ती म्हणाली, "मुंग्या." उंबऱ्यापासून निघालेली एक बारीक तांबडी रांग फरशीवरून, घोड्याच्या पायावरून, वर पाळण्याच्या कडेवर शिस्तीत चालली होती. खुद्द सुभेदारांच्या पलटणीलाही इतकी शिस्त नसेल. व्याही पुढे आले, वाकले, कडेवरून बोट घासलं, ते जिभेला लावलं, आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "गूळ."

एवढा मोठा माणूस, बर्फात उभा राहिलेला, पण त्याचा चेहरा मला बघवेना. हसावं असं कोणाच्या मनात आलं असेल तर ते तिथेच मेलं. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "पाव्हणं, तुमचा काढा." आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

मी घराखालच्याच दुकानात गेलो. शिडी लावली, माळ्याकडे हात केला. मोर कागदात गुंडाळलेले होते. मग मला आजीच्या फडताळातलं दुधाचं पातेलं आठवलं, परातीत पाणी घालून त्यात ठेवलेलं. मी माळा तसाच सोडला आणि रॅकवरून चार स्टीलचे वाडगे उचलले. वर आल्यावर आमच्या हिला म्हटलं, "हळद काढ." तिला जास्त सांगावं लागत नाही, ती सांगलीची आहे. तिने गरम पाण्यात फडकं पिळून पाळणा आतून-बाहेरून पुसला, विहीणबाईंनी तो दुसऱ्यांदा पुसला, चार पायांखाली मी चार वाडगे ठेवले, त्यांत पाणी घातलं आणि भोवती हळदीची ही अशी जाड रेघ ओढली. सातारच्या गुळाने मुंग्या बोलावल्या आणि सांगलीच्या हळदीने त्या परतवल्या. रांग रेघेपाशी आली, थांबली, इकडेतिकडे चाचपली आणि उंबऱ्याकडे माघारी वळली. "सुभेदार," मी म्हटलं, "स्टीलला नावं ठेवायची नाहीत आता." ते हसले नाहीत, पण भिंतीपासून सरळ झाले.

बाळ पाळण्याखालून-वरून झालं, आत निजलं, नाव कानात सांगून झालं, बायकांनी पाळणा म्हटला. पोरीने हूं की चूं केलं नाही. उलट मूठ चोखत तिने अशी मान वळवली की जणू गुळाचा वास तिलाच आला होता. व्याही पाळण्याच्या पायथ्याशी उभे होते, टाचा जुळवून, हात मांड्यांना चिकटवून. मी शेजारीच होतो म्हणून मला ऐकू आलं. ते अगदी हळू, स्वतःशीच म्हणाले, "हजर."

याला आता काही वर्षं झाली. पोरगी पाळण्यातून उतरली, रांगली, चालली आणि आईबापांबरोबर बेंगळुरूला गेली. जावयाची नोकरी तिकडची. मोबाइलवर दिसते. आजोबांना कानडी आकडे म्हणून दाखवते आणि दोन्ही आजोबा त्या आकड्यांना मान डोलावतात. पाळणा आमच्या माजघरात राहिला. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. पण खिडकीतून वारा आला की तो आपोआप हलायचा आणि ही स्वयंपाकघरातून उठून यायची. शेवटी मी व्याह्यांना फोन केला. ते टेम्पो घेऊन आले, पाळण्याकडे बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "न्हेतो. पर रिकामा कसा न्हेऊ?" मग मी त्यात बेदाणे भरले, वर हळकुंडं ठेवली, आणि पाळणा कोरेगावकडे गेला. पुढच्या सुगीला मार्केट यार्डात येणाऱ्या टेम्पोतून तो माझ्या दारात परत आला, घेवडा भरून. मीही कच्चा नाही. घेवडा काढला, बेदाणे भरले, धाडून दिला. तेव्हापासून हे असंच चाललंय. टेम्पोवाला हसतो, पेठेतले हसतात. दोन घरांना वर्षाला लागतो त्याच्या कितीतरी पट घेवडा आणि बेदाणे आम्ही दोघे म्हातारे एकमेकांच्या गळ्यात मारतो आणि मग गल्लीत वाटत बसतो. व्याह्यांचे हात आता थोडे थरथरतात. नवे डबे ते क्वचितच करतात. तांब्याचा खिळा धरायला चिमूट जुळत नाही. पण पाळणा आला की प्रत्येक वेळी तेल दिलेलं असतं, एकही खिळा ढिला नसतो.

मागच्या खेपेला ते स्वतः पाळण्याबरोबर आले होते. रस्त्याची धूळ घेवड्यावर बसली होती. ती झटकता झटकता मी दुकानदाराच्या सवयीने बोलून गेलो, "सुभेदार, एवढा प्रवास करतोय तो. एक झाकण करून टाका की याला. तुमच्या हातात अजून तेवढं बळ आहे." ते पाळण्याची कड चाचपत राहिले. कुठे चिकट लागतंय का ते बघत असावेत, इतक्या वर्षांनी. मग म्हणाले, "झाकन घातलं की डबा झाला, पाव्हणं. न्हाई घातलं तवर पाळनाच हाय."

मी घेवडा काढला. बेदाणे भरले, धूळ बसू नये म्हणून वर नातीचं जुनं दुपटं पसरलं आणि टेम्पोवाल्याला सांगितलं, सावकाश ने.